फ्यूज, तोफगोळ्याचा : ओळख व कालनिर्णय

पोकळ तोफगोळ्यातील स्फोटक ठराविक वेळी किंवा आघात होताच पेटविणारी प्रयुक्ती. गोळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या, तरी धातूचा फ्यूज पुष्कळदा शिल्लक राहतो. त्यामुळे संग्राहकास व इतिहासकारास तो कालनिर्णयाचे महत्त्वाचे साधन ठरतो.

दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात वऱ्हाडात आडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३, अकोला जिल्हा) झाली आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगड (अमरावती जिल्हा) घेतला. गडाच्या उत्तरेकडील मोर्चांत, तट फोडणाऱ्या तोफांशिवाय साडेपाच इंची दोन हॉविट्झर तोफाही होत्या. तट भरीव लोखंडी गोळ्यांनी पाडीत. अशा गोळ्यास फ्यूज नसतो. हॉविट्झरच्या पोकळ, म्हणजे कुलपी, गोळ्यास मात्र लाकडी फ्यूज ठोकून बसवीत. त्यात मंद जळणारे दारूचे मिश्रण असे व गोळ्याच्या उड्डाणकालाप्रमाणे त्याची लांबी कापीत. तोफेच्या नळीत गोळ्याभोवती फट राहत असल्याने डागतानाची ज्वाळा पुढे येऊन फ्यूज पेटे. असे लाकूड स्फोटात जळते किंवा मातीत कुजते. म्हणून भोक असलेला पोकळ गोळा वा त्याचे तुकडे एवढाच पुरावा उरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटेदार नळीच्या, मागून भरावयाच्या तोफा आल्या. त्यांत फट न राहिल्याने ज्वाळा फ्यूजपर्यंत पोहोचेना. तेव्हा डागण्याच्या धक्क्याने आतूनच पेटणारे धातूचे फ्यूज प्रचारात आले. साहजिकच गाविलगडाच्या परिसरात मिळालेला, आकडे कोरलेले कडे असलेला पितळी फ्यूज १८०३ च्या वेढ्यातील असू शकत नाही. सापडलेल्या जागेपेक्षा वस्तूची घडण अधिक विश्वसनीय होय.

ब्रिटिश फ्यूजवर सामान्यतः क्रमांक, रोमन अंकांतील आवृत्ती, उत्पादकाची खूण व वर्ष ठसविलेले असते. पहिल्या महायुद्धातील ८० क्रमांकाचा कालमापी फ्यूज मूळच्या जर्मन क्रुप रचनेवर आधारलेला होता. यास्तव केवळ रचनेवरून देश ठरवू नये. घडणीचे व दारू भरण्याचे वर्ष वेगवेगळे असू शकते. त्यांपैकी उत्तरकालीन वर्षाआधी तो फ्यूज डागला गेला नसणार, एवढेच निश्चित म्हणता येते.

जुना फ्यूज निष्क्रिय असतोच असे नाही. गंजामुळे तो अधिक धोकादायकही बनतो. पुलगावनजीक (वर्धा जिल्हा) २० नोव्हेंबर २०१८ रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. यास्तव सापडलेला फ्यूज न हलविता, न उघडता व न घासता पोलिसांस कळवावे. तज्ज्ञांनी तो निष्क्रिय ठरविल्यानंतरच त्यावरील ठसे वाचावेत.