मंकचं कार्ड

जॅझ म्हणजे बड्या हॉटेलातली, दारूसोबतची करमणूक, असं आपल्याकडं पुष्कळांना वाटतं. त्यांनी एक प्लेट ऐकावी. २९ नोव्हेंबर १९५७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलात थेलोनिअस मंकच्या चौकडीनं वाजवलेली. पियानो मंकचा, सॅक्सोफोन जॉन कोलट्रेनचा, बास अहमद अब्दुल-मलिकचा, ड्रम शॅडो विल्सनचा. चौघंही काळे. मी ती रात्रपाळीहून आल्यावर ऐकतो. साच्यांची घरघर कानात असतेच, तिच्यावर ती बरोबर बसते.

पण बोलायचंय ते कार्डाबद्दल. १९४० ते १९६७ न्यूयॉर्कात जिथं दारू विकली जाई त्या क्लबात वाजवायचं असेल तर पोलिसांचं कार्ड लागे. बोटांचे ठसे द्या, मग कार्ड. मुंबईच्या गिरण्यांत बदलीवाल्याचं कार्ड असायचं, तसंच. फरक एवढाच, इथं मालक द्यायचा, तिथं फौजदार. १९५१ साली मंक आणि त्याचा दोस्त बड पॉवेल, तोही पियानोवाला, एका गाडीत पकडले गेले. पुडी सापडली. मंकनं दोस्ताचं नाव घेतलं नाही. साठ दिवस तुरुंगात गेला आणि कार्डही गेलं. आपल्याच शहरातले क्लब त्याला जवळजवळ सहा वर्षं बंद. घर बायकोच्या, नेलीच्या कष्टावर चाललं. हे जॅझच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. सहा वर्षं घर चालवणं एका ओळीत मावत नाही.

१९५७ ला कार्ड परत मिळालं आणि जुलैपासून फाइव्ह स्पॉट नावाच्या छोट्या क्लबात मंक वाजवू लागला. सोबत कोलट्रेन. त्याच वर्षी त्याला माइल्स डेव्हिसनं काढून टाकलं होतं, आणि त्यानं गर्द सोडली होती. सकाळी तो मंकच्या घरी जाई. मंक वाजवून दाखवी, हा उचली. आपल्याकडची तालीमच म्हणा.

कार्नेगी हॉलचा तो कार्यक्रम हार्लेममधल्या मॉर्निंगसाइड सेंटरच्या मदतीसाठी होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते मॉर्निंगसाइडच्याच टेकडीवर. टेकडी उतरली की हार्लेम. त्या रात्री बिली हॉलिडेही गायली. तिचं कार्ड १९४७ पासून गेलेलं. पण हॉलात दारू नाही, म्हणून कार्ड नको. म्हणजे जिथं बड्या घरचे पियानोवाले वाजवतात त्या मंचावर ती चालते, आणि गल्लीतल्या बारमधे चालत नाही. कायद्याची अक्कल ही अशी.

मंकला पियानो वाजवताच येत नाही, असं म्हणणारे समीक्षक होते. बोटं सपाट ठेवतो, शेजारशेजारचे सूर एकदम दाबतो, मधेच थांबतो. आपल्या कवितेलाही शुद्धलेखन येत नाही म्हणणारे निघालेच की. पण त्याचं थांबणं ऐका. कोलट्रेन सुरांचा नुसता लोंढा सोडतो, आणि मंक खाली एकेक दगड टाकत जातो. कुठं टाकायचा हे त्याला पक्कं माहीत. ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ हे त्यानं नेली त्याच वर्षी आजारी असताना रचलं. त्यात कुणी आपली करामत दाखवत नाही. जसं रचलं तसं वाजतं, बस्स.

हे ध्वनिमुद्रण अमेरिकन सरकारच्या व्हॉइस ऑफ अमेरिकानं केलं होतं, परदेशांना ऐकवायला. जगाला आपला देश किती मोकळा ते दाखवायला काळे वादक हवेत. शहरात त्यांना ठशांशिवाय बारमधे शिरायला नको. आणि फिती तशाच पडून राहिल्या. २००५ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे लॅरी ॲपलबॉमला त्या सापडल्या, त्याच वर्षी प्लेट निघाली. तोवर मंक जाऊन तेवीस वर्षं झालेली, कोलट्रेनला अडतीस.

कार्ड फार टिकलं नाही. ऑक्टोबर १९५८ मधे मंक डेलावेअर राज्यातून मोटारीनं चालला होता. पाणी प्यायला एका मोटेलात शिरला. पाण्याचं आपल्याला काय सांगायचं. पोलीस आले, त्याला गाडीतून ओढून काढलं आणि हातांवर दंडुके मारले. पियानोवाल्याच्या हातांवर. नंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कार्ड पुन्हा काढून घेतलं.