खाऱ्या पाण्यावरचा दिवा

दिवाळीत घराच्या कठड्यावर पणत्यांच्या शेजारी आता विजेच्या माळाही चमकतात. माळ अचानक विझली तर आपण बटण चाचपतो, फ्यूज पाहतो आणि फार तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हाक मारतो. जमिनीवर वीज रुसली तर ती गैरसोय असते. परंतु किनाऱ्यापासून पाचशे मैलांवर, तीस-चाळीस फुटांच्या शिडाच्या नौकेत तीच गोष्ट घडली म्हणजे? तेथे मिस्त्री नाही, आगीचा बंब नाही आणि घर सोडून अंगणात पळावे म्हटले तर अंगण म्हणजे अथांग पाणी. म्हणूनच अशा नौकांतून सफरी करणारे हौशी दर्यावर्दी एकत्र जमले, की तारा कशा ओढाव्यात, फ्यूज कोठे बसवावा, कोणते यंत्र घ्यावे आणि कोणते दुकानातच ठेवावे, यावर तासन् तास वाद घालतात. ऐकणाऱ्याला तो रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. पण त्या वादातला बहुतेक नियम कोणीतरी मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. त्या किमतीची ही हकीकत.

गंमत अशी, की जहाजावर वीज पोचण्यापूर्वीच तिचा उपद्रव पोचला होता. अठराव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराला लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्याने हैराण केले होते. त्यावर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या ३२ तोफांच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकण्यात आले. जहाज वेस्ट इंडीजची फेरी करून परत आले आणि १७६३ मध्ये त्याची तपासणी झाली. तांबे शाबूत, किड्याचा मागमूस नाही. पण ज्या लोखंडी खिळ्यांनी पत्रे ठोकले होते ते जागोजाग कुजून गेले होते. काही खिळे मात्र चांगले होते. पाहतात तो काय, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्याचा तुकडा त्या खिळ्यांच्या डोक्याखाली चुकून राहून गेला होता! लोखंड आणि तांबे यांची गाठ पडू दिली नाही म्हणून खिळा वाचला. विजेच्या तारेवर आज आपण रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टण चढवतो, त्याची ही अजाणता झालेली पहिली सागरी ओळखच म्हणायची.

याचे मर्म कळायला १८०० साल उजाडावे लागले. त्या वर्षी इटलीतील व्होल्टाने दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवून विद्युत्प्रवाह निर्माण करून दाखवला. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी! म्हणजे ‘अलार्म’ जहाज हा समुद्रावर तरंगणारा एक प्रचंड विद्युतघटच होता. सर हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये हे सूत्र उलटे फिरवले. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, की तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे वाचते, हे त्याने सिद्ध केले. आरमाराने प्रयोग केला. तांबे खरोखरच वाचले. पण तांबे झिजेनासे झाले तशी त्यावर शेवाळ आणि शिंपले यांची वस्ती झाली, जहाजे मंदावली आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र टिकले. आजही नौकेच्या पंख्याच्या दांड्याला जस्ताचा गोळा बांधतात. तो दुसऱ्यासाठी झिजतो, आणि झिजला की मालक नवा बसवतो.

यानंतर वीज राजरोसपणे जहाजावर चढली. १८३८ मध्ये मॉरिट्झ याकोबीने रशियातील नेवा नदीवर विद्युतघटांच्या बळावर होडी चालवून दाखवली. पण जहाजावर विजेचा दिवा खऱ्या अर्थाने लागला तो १८८० साली, अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या आगबोटीवर. एडिसनचे दिवे तिच्यावर बसवायचे ठरले तेव्हा ती बांधणारा जॉन रोच आगीच्या भयाने कचरला. शेवटी एडिसनच्याच माणसांनी येऊन ते काम केले. शंभराहून अधिक दिवे लागले. प्रवाशाने स्वतः बटणाला हात लावायचा नाही. बटणे खोलीबाहेर कुलुपाच्या पेटीत, आणि दिवा लावणे-विझवणे हे नोकराचे काम! त्याच वर्षी मे महिन्यात एडिसनला ‘सुरक्षा-तारे’चे पेटंट मिळाले. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की मधला बारीक तुकडा आधी वितळावा आणि पुढची तार वाचावी, ही ती युक्ती. तोच आपला फ्यूज. जस्ताच्या गोळ्याचा हा सख्खा भाऊ: दोघांचेही काम दुसऱ्यासाठी मरण्याचे.

एडिसनने अशी काळजी घेतली, पण सगळ्यांनाच ती सुचली नाही. इंग्रजांच्या ‘इन्फ्लेक्सिबल’ या युद्धनौकेवर कमानदिव्यांसाठी ८०० व्होल्टची योजना होती. १८८२ मध्ये तिच्यावरील एक माणूस विजेच्या धक्क्याने मरण पावला. ब्रिटिश आरमारातला विजेचा तो पहिला बळी. पुढे आरमाराने ८० व्होल्टचा दाब पत्करला. पोलादी भिंती, ओले कपडे आणि घामेजलेले हात असतील तेथे विजेचा दाब कमी हवा, हा धडा एका जिवाच्या मोबदल्यात मिळाला.

लहान नौकांना मात्र विजेशिवाय चांगले चालत होते. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या नौकेतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याच्याजवळ रॉकेलचा दिवा होता आणि एका डॉलरला घेतलेले, तबकडी फुटलेले पत्र्याचे घड्याळ. पुढे छोटी इंजिने आली आणि फ्रान्सच्या प्लांतेने १८५९ मध्ये शोधलेला शिशाचा पुन्हा भरता येणारा विद्युतघट घरोघरच्या मोटारीत जाऊन बसला. मोटारीतली ती १२ व्होल्टची बॅटरी हौशी नाविकाने उचलून नौकेत ठेवली. बारा व्होल्टचा धक्का सहसा जाणवतही नाही. झाले! माणूस निर्धास्त झाला, आणि तेथेच फसला.

हा फसवा हिशेब वाचकांनी एकदा करून पाहावा. शंभर वॅटचा पंप घरच्या २३० व्होल्टवर अर्ध्या अँपियरहूनही कमी प्रवाह घेतो. तोच १२ व्होल्टवर आठ अँपियरहून अधिक घेतो. प्रवाह सुमारे एकोणीसपट झाला, पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार वापरली तर उष्णता साडेतीनशे पटींहून अधिक! म्हणून घरात शोभणारी बारीक तार नौकेत विस्तवाशी खेळ ठरते. बॅटरीचे दोन टोक चुकून जुळले तर शेकडो अँपियर धावतात आणि तार निखाऱ्यासारखी लाल होते. यासाठीच जाणते नाविक सांगतात: मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. आणि फ्यूजच्या अलीकडे जेवढी तार, तेवढी अनाथ.

आता १९६८ सालाकडे वळू. त्या वर्षी लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. त्यांपैकी दोघांच्या नौका आपल्या विषयाचे दोन टोक आहेत.

पहिली ‘सुहैली’. ती आपल्या मुंबईतच, सागवानी लाकडात बांधलेली. लांबी अवघी ३२ फूट. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. दुसरी ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’, तीन सांगाड्यांची, वेगवान. तिचा मालक डोनाल्ड क्रोहर्स्ट हा स्वतः इलेक्ट्रॉनिक यंत्रे बनवणारा. नौका कलंडू लागताच तिला आपोआप सावरील, असा विजेचा मेंदू बसवण्याचा त्याचा मनसुबा होता. पण निघण्याची अखेरची तारीख, ३१ ऑक्टोबर, येऊन ठेपली. केबिनभर रंगीबेरंगी तारा ओढलेल्या होत्या, आणि त्या जेथे जाऊन मिळायच्या तो मेंदू तयारच नव्हता. निघाल्यावर थोड्याच दिवसांत एका झडपेतून पाणी शिरून जनित्र भिजले. त्याचा अंत केवळ तारांनी केला, असे म्हणणे अन्याय होईल. कर्जाचा बोजा होता, मागे फिरण्याची लाज होती. तो दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि बिनतारी यंत्रावरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका सापडली. तो सापडला नाही.

‘सुहैली’वरही सारे सुरळीत नव्हते. तिचे बिनतारी यंत्र बिघडले आणि महिनोन् महिने जगाला तिची वार्ता नव्हती. तिच्या मालकाने अखेर अॅझोर्स बेटांच्या बाजूला एका तेलवाहू जहाजाला दिव्याच्या उघडझापीने आपण जिवंत असल्याचे कळवले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो घरी परतला. शर्यत पुरी करणारा एकटा तोच. बक्षिसाचे ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. ‘सुहैली’ वाचली ती तिच्यावर वीज नव्हती म्हणून नव्हे. वीज गेली तरी जिचे काम अडत नाही अशी ती नौका होती, म्हणून वाचली.

आजच्या नौकामालकाला याच कसोटीवर खरेदी करावी लागते. तार घ्यायची ती कल्हई केलेल्या तांब्याची आणि अनेक बारीक धाग्यांची. कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते आणि सरळ एकेरी तार हेलकाव्यांनी तुटते. सांधे चिमट्याने दाबून पक्के करावेत आणि तार ठिकठिकाणी बांधून घ्यावी. मार्गदर्शक दिवे एल.ई.डी.चे घ्यावेत, जुना २५ वॅटचा दिवा दहा तासांच्या रात्रीत वीसाहून अधिक अँपियर-तास पिऊन टाकतो, नवा त्याच्या सुमारे दशांशावर भागवतो. तळाचे पाणी उपसणारा विजेचा पंप जरूर असावा, पण हातपंपही शेजारी हवाच.

धक्क्यावर बांधलेल्या नौकेला किनाऱ्याची वीज जोडली, की धोका पुन्हा मोठा होतो. प्रवाह पाण्यात झिरपू लागला तर जवळ पोहणारा माणूस काही न कळता आखडून बुडतो. हे गोड्या पाण्यात अधिक घडते, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे खारट अंग प्रवाहाला सोपी वाट देते. अमेरिकेतील चार्ल्स डाल्झील याने १९६१ मध्ये गळता प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारे यंत्र शोधले. ते नौकेवर आणि धक्क्यावर असलेच पाहिजे. आणि विजेची जोडणी असलेल्या धक्क्यापाशी पोहायचे नाही, हा नियम मुलांनाही सांगितला पाहिजे.

‘सुहैली’चा वारसा पुढे आपल्याकडेच परतला. कमांडर दिलीप दोंदे नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन शिकून आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, तेव्हा ते तिच्या घडणीत वावरले आणि ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. जी तार आपल्या डोळ्यांदेखत बसली, ती अंधारातही सापडते. अभिलाष टॉमी यांनी २०१८ मध्ये १९६८ च्याच जुन्या साधनांनी नौका हाकण्याच्या शर्यतीत भाग घेतला. त्यांची ‘थुरिया’ही ‘सुहैली’च्या घाटाची, गोव्यातच बांधलेली. हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते जागचे हलेनात. उपग्रहामार्फत लघुसंदेश पाठवणारे एक छोटे यंत्र हाताशी होते. त्यावरून त्यांची हाक जगाला पोचली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वर घेतले.

नौकेवर विजेची यंत्रे किती आहेत, याला म्हणूनच फारसे महत्त्व नाही. ती सगळी एका क्षणी विझली तर काय उरते, आणि उरलेल्यांपैकी हाताशी काय आहे, हे मालकाने धक्का सोडण्यापूर्वी पाहावे. खाऱ्या पाण्यावरच्या दिव्याची वात अशीच आधी तपासून ठेवावी लागते.