चिमणाळ्यापासून शरभापर्यंत

पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांच्या झुंबराला आपल्या भाषेत चिमणाळे असा एक गोड शब्द आहे. चिंध्या भरून शिवलेल्या पाच-सात चिमण्या, मध्ये एखादा राघू, खाली लोकरीचे गोंडे, असा त्याचा साधा थाट. त्यातल्या चिमण्या मात्र अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्यांसारख्या कधीच नसत. कुणी जांभळी, कुणी हिरवी, कुणाला काचेच्या मण्यांचे डोळे, तर कुणाच्या पोटाला जरीच्या खणाचा तुकडा. पाळण्यातले मूल जगातली पहिली चिमणी पाहते ती अशी, या जगात नसलेली. मऊ, भरीव, खोटे प्राणी आपल्या घरांत शिरले ते या पाळण्याच्या दोरीवरून उतरून, असे मला वाटते. पुढे त्यांनी दाराची तोरणे व्यापली, रुखवताची ताटे व्यापली, आणि आज ते मुलींच्या दप्तरांच्या चेनला लोंबत असतात. त्यांना आता जपानी नावाने ओळखतात, आमिगुरुमी! आमि म्हणजे विणलेले आणि नुइगुरुमी म्हणजे आत काहीतरी भरलेली बाहुली. हे दोन शब्द जोडून जपान्यांनी हे नाव घडविले.

या बाहुल्या विणतात ती क्रोशाची सुई. क्रोशे म्हणजे फ्रेंच भाषेत आकडी. ही कला आपल्याला फार पुरातन वाटते, कारण ती आजीच्या हातात पाहिलेली असते, आणि आजीच्या हातातले सगळेच पुरातन असते. पण क्रोशाच्या नमुन्यांचा छापील इतिहास फार तर दोनशे वर्षांचा. 'पेनेलोपे' या डच मासिकात १८२३ साली असे नमुने प्रथम छापले गेले. त्यापूर्वी युरोपात तांबूर नावाचे भरतकाम चाले. डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणायचे आणि आकडीच्या सुईने त्यावर साखळी टाका घालायचा. ही आकडीची सुई पूर्वेकडून तिकडे गेली. आपल्याकडचे आरीचे भरतकाम ते हेच. कच्छच्या मोच्यांनी ते नावारूपाला आणले. चामडे टोचणारी आरी त्यांनी रेशमाकडे वळविली. कापड काढून टाकून नुसती साखळी हवेत विणायची युक्ती युरोपात कुणालातरी सुचली आणि क्रोशा जन्माला आला, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर आमच्या मोच्याची आरी सातासमुद्रांपलीकडे जाऊन, मडमेचा झगा नेसून, परत आली म्हणायची.

परत आली ती मात्र दुःखाच्या वाटेने. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ झाला. त्या वेळी मठांतल्या जोगिणींनी गरीब बायकामुलींना क्रोशाची लेस विणायला शिकविले. गुलाबाची फुले, द्राक्षांचे घोस, पाने वेगवेगळी विणायची आणि मग जाळीने जोडायची. त्या लेसच्या पैशांवर कित्येक घरांची चूल पेटली, कित्येकांनी अमेरिकेचे भाडे भरले. जवळपास याच काळात, १८४४ च्या सुमारास, मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने गोदावरीच्या काठी लेसचे काम नेले. गोदावरी आमच्या शेजारच्या नांदेडहून वाहत जाते, तिच्याच मुखाजवळचे हे नरसापूर. आंध्रातल्या त्या गावाची क्रोशाची लेस पुढे जगभर गेली.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यातली गोष्ट फार बोलकी आहे. दिवसाचे कितीतरी तास त्या बायका लेस विणीत. तिचा व्यापार करणारे पुरुष श्रीमंत होत. आणि या बायकांना मात्र कामगार कुणीच म्हणत नसे. त्या घरी बसून फावल्या वेळात विणतात, म्हणून त्या गृहिणी! स्वयंपाक, पाणी, मुले, जनावरे एवढे सगळे उरकल्यावर जो वेळ उरतो त्याला फावला म्हणणाऱ्या माणसाला माझा दुरूनच नमस्कार. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच साली आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीलाही ते मिळाले, याचा मला दुहेरी आनंद आहे. पण मानांकन गावाला मिळते. विणणारीचे नाव त्या कागदावर येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात सुईकामाने मुलींच्या शिक्षणात एक विचित्र भूमिका बजावली आहे. मिशनऱ्यांच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण असे, आणि त्या शिवणाच्या निमित्ताने काही घरांनी मुली शाळेत पाठविल्या असतील. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेचे मुलींचे हायस्कूल निघाले. तिथला अभ्यासक्रम टिळकांच्या 'मराठा' पत्राला पसंत नव्हता. १८८७ मध्ये त्यात लेख आले की, मुलींना इंग्रजी वळणाच्या विद्येपेक्षा देशी भाषा, नीती आणि सुईकाम शिकवावे. टिळकांविषयीचा माझा आदर तिळभर कमी न करता मी म्हणते की, त्या वादात सुई ही कुंपणाच्या काट्यासारखी वापरली गेली. उलट १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालू झाले, तेव्हा तीच सुई विधवांच्या आणि परित्यक्तांच्या हाती पोटाचे साधन म्हणून आली. वस्तू एकच, ती देणारा कोणत्या हेतूने देतो यावर सारे अवलंबून.

आणि मग रुखवत. आमच्या मराठवाड्यात लग्नमंडपात मुलीच्या बाजूने मांडलेल्या रुखवताभोवती बायकांची झुंबड अजूनही उडते. क्रोशाचे रुमाल, लोकरीचे तोरण, मण्यांचे राघू-मैना, कापूस भरलेले राजाराणी, कापडी हत्ती. मुलीने वर्ष-वर्ष खपून केलेले हे जग वरपक्षाच्या बायका पाच मिनिटांत न्याहाळतात आणि "हे हिनं केलंय की विकत आणलंय?" म्हणून विचारतात. ही एक परीक्षाच. पण तिची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ज्या घरात मुलीला मनचे बोलायची सोय नव्हती, तिथे तिच्या विणलेल्या राणीच्या चेहऱ्यावर कधी कधी एक असा भाव असे की पाहणारी चपापावी. एका रुखवतात मी लोकरीचा राक्षस पाहिला होता, सुळे-बिळे असलेला. सासूबाईंनी विचारले, हा कोण? नवरी खाली मान घालून म्हणाली, "गोष्टीतला आहे." तेवढ्यावर विषय संपला.

आमच्या हिंगोलीचा आणि सुईदोऱ्याचा संबंध तसा जुना. कयाधूच्या काठचे नर्सी हे संत नामदेवांचे गाव. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या महात्म्याने गज, कात्री आणि सुईदोरा भक्तीच्या कामाला लावले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. हिंगोली गाव १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होते आणि निजामी राज्यातली कापसाची मोठी पेठही होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. पांढरे सोने आमच्या काळ्या रानात पिकते. पण त्याचा धागा व्हायला ते बाहेर जाते. हिंगोलीच्या दुकानात क्रोशासाठी आज जी लोकर मिळते, ती मेंढीच्या अंगावरची नसून बहुधा खनिज तेलापासून काढलेली ऍक्रिलिकची असते आणि लुधियानासारख्या दूरच्या शहरातून येते. बाहुलीच्या पोटात भरायला तेवढा आमचा कापूस कामी येतो. सरकी काढून, हाताने पिंजून भरला की चांगला बसतो, फक्त भिजू द्यायचा नाही.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी हे विणकाम शिकविते. कार्यानुभव हा शब्द कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींतून आपल्या शाळांत आला. त्याआधी गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेली नई तालीम हाताच्या कामातून सगळे विषय शिकवू पाहत होती. ते कसे, हे मला लोकरीच्या चेंडूने पटविले. एका कड्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढविले तर चकती सपाट राहते. वाढविणे थांबविले की भिंत उभी राहून वाटी होते. तितक्याच क्रमाने कमी करीत आलो की चेंडू मिटतो. मिटण्यापूर्वी कापूस भरायचा. आणि सहाऐवजी प्रत्येक टाक्यात दोन घालत सुटलो, तर कापडाला कोबीच्या पानासारख्या झालरी पडू लागतात. मुली त्याला "बिघडलं" म्हणतात. डाइना ताइमिन्या नावाच्या लाटव्हियन गणितज्ञ बाई अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत. त्यांनी १९९७ साली असेच मुद्दाम झालरी पडणारे विणले आणि बोल्याइ व लोबाचेव्हस्की यांच्या भूमितीतले वक्र प्रतल विद्यार्थ्यांच्या हातात ठेवले. कागदाचे नमुने फाटत, हा फाटेना. १८८७ च्या त्या लेखकाला विद्या आणि सुईकाम यांतून एक निवडावेसे वाटले, तेव्हा सुईच्या टोकाला एवढी भूमिती बसली आहे हे त्याला कुणी सांगणार होते?

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी लागते. विणकामाची यंत्रे आहेत, भरतकामाची आहेत. पण क्रोशाच्या बाहुल्या काढणारे यंत्र कारखान्यांत चालत नाही. बाजारात स्वस्तात लटकणारा मोर किंवा परी कुठल्या तरी बाईने टाका टाका मोजून विणलेली असते. आमच्या गल्लीतल्या एका सुनेने मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याचे काम घेतले होते. तळहाताएवढ्या मोराला तिला तीन तास लागत आणि हातात २५ रुपये पडत, लोकर वजा जाता. तिने ते काम सोडले. आता ती बचत गटाच्या बायकांबरोबर बसते, भाव स्वतः सांगते, आणि घासाघीस करणाऱ्याला सुई पुढे करून म्हणते, "बसा, विणून बघा." गिऱ्हाईक तिला फार नाही; पण आहे ते टिकले आहे.

आमच्याकडे दसऱ्याला रामलीला होते, रावण जळतो. हिंगोलीचा हा उत्सव दीडशे वर्षांच्या पलीकडचा आहे. यंदा सातवीतल्या एका मुलाने दहा तोंडांचा रावण विणायला घेतला. होय, मुलाने, पहिले दोन दिवस वर्ग हसला, तिसऱ्या दिवशी चार मुलगे सुई मागायला आले. सहा तोंडांनंतर लाल लोकर संपली म्हणून उरलेली चार हिरवी झाली. जाळायला मात्र तो देत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलींनी या वेळी मातीच्या मावळ्यांबरोबर शरभ विणायचा घाट घातला आहे. नरसिंहाला आवरण्यासाठी शंकराने घेतलेले ते अचाट रूप. महाराष्ट्राच्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला आहे. त्यांतल्या एकीने पोट शिवून मिटण्यापूर्वी कापसात एक चिठ्ठी सारली. काय लिहिलेस म्हणून विचारले, तर स्वतःचे नाव, गाव आणि तारीख. आता पायांवरून वाद चालू आहे. पुराणात शरभाला आठ पाय सांगितले आहेत, दगडावर बहुधा चारच दिसतात. मी दोन्ही गोष्टी सांगून मोकळी झाले. मुलींनी लोकरीचे गुंडे मोजले आणि सध्या चारांवर भागविले आहे.