नामांतराची नोंद

मराठीच्या अभ्यासकाला दिवेआगर प्रथम भेटते ते समुद्रकिनारा म्हणून नव्हे, तर ताम्रपट म्हणून. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा हा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत गणला जातो. त्याच किनारपट्टीवर उत्तरेला, अक्षी येथे, शके ९३४ चा (इ. स. १०१२) शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथाच्या आधारे आपण हे लेख वर्गात शिकवतो. ते प्रत्यक्ष ज्या मातीत घडले ती माती विद्यार्थ्यांनी पाहावी, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही एम. ए. चा वर्ग घेऊन अक्षी ते दिवेआगर असा प्रवास केला. प्रस्तुत लेख त्या सहलीविषयी नाही. सहलीनंतर आमच्या संगणकात साचलेल्या फाइलींविषयी, आणि नाव बदलणे या क्रियेच्या इतिहासाविषयी तो आहे.

विद्यार्थ्यांनी छायाचित्रे काढली ती मोबाइलवर आणि दोन कॅमेऱ्यांवर. अक्षीची अक्षरे, दिवेआगरची कौलारू घरे, आणि मुख्य म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असा एक वृक्षच तयार झाला. कॅमेऱ्याने दिलेली नावे निव्वळ क्रमांकांची. काही विद्यार्थ्यांनी देवनागरीत नावे घातली होती. त्यांतही कोणी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली, कोणी आडवी रेघ ओढलेली. विभागातल्या जुन्या टंकलिखित नोंदी त्याच फोल्डरात होत्या. त्यांची नावे युनिकोडपूर्व फाँटातली असल्याने पडद्यावर नुसती रोमी अक्षरांची खिचडी दिसे. फाँट मजकुरासोबत जातो, फाइलीच्या नावासोबत जात नाही. ताम्रपटाचा शक आणि त्यातली नावे त्याच्या पोटातच कोरलेली असतात. आमच्या फाइलींची ओळख मात्र सर्वस्वी बाहेरच्या चिठ्ठीवर अवलंबून होती, आणि चिठ्ठ्याच बिघडलेल्या होत्या.

हे हाताने सुधारणे अशक्य, म्हणून आम्ही शेल स्क्रिप्ट लिहायला शिकलो. शेल म्हणजे संगणकाला शब्दांत आज्ञा देण्याचा मार्ग. युनिक्स या प्रणालीसाठी केन थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये पहिला शेल लिहिला, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश. आज्ञा ओळीने लिहून ठेवल्या की ती झाली स्क्रिप्ट. त्यातली 'फाइंड' ही आज्ञा वृक्षाच्या मुळापासून निघून प्रत्येक फांदीत उतरते आणि सापडलेली प्रत्येक फाइल पुढच्या आज्ञेच्या हाती देते. 'एमव्ही' ही दुसरी आज्ञा नाव बदलते. दोन्ही जोडल्या की शेकडो नावांची झाडलोट काही क्षणांत होते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे प्रश्न भेटू लागतात. पहिला पदच्छेदाचा. मोडी लिहिणारा आधी शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत जातो. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. शेलची सवय याच्या उलट आहे. मोकळी जागा दिसली की शब्द संपला असे तो मानतो. त्यामुळे 'जुनी वाडी' या नावाची एकच फाइल त्याला 'जुनी' आणि 'वाडी' अशा दोन फाइली वाटतात. उपाय असा की नाव अवतरणात बांधायचे आणि दोन नावांमध्ये शून्यमूल्याचे चिन्ह ठेवायचे. कारण तिरकी रेघ आणि हे शून्य, एवढी दोनच चिन्हे फाइलीच्या नावात कधीच येऊ शकत नाहीत.

दुसरा प्रश्न पाठभेदाचा. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. 'र्‍' असे अर्धे र काढणारी तिसरी रीतही प्रचलित आहे. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावे. काही संगणक फाइल साठवताना आपण होऊन पहिल्याचे दुसरे रूप करीत. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट व्यापते. ('दिवेआगर' हा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटांचा.) लिनक्सवर नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइटांची असल्याने मराठी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. गंमत अशी की हे संकेतनही १९९२ मध्ये त्याच थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासमवेत रचले.

तिसरा प्रश्न क्रमाचा. आधी फोल्डरचे नाव बदलले तर आतल्या फाइलीचा पत्ताच खोटा ठरतो, आणि हाती आलेली यादी निरुपयोगी होते. म्हणून पानांपासून मुळाकडे यायचे: आधी फाइली, मग त्यांचे फोल्डर, मग त्यांचेही वरचे फोल्डर.

एवढे शिकूनही आमच्या हातून चूक झाली ती भाषेचीच. कोठेतरी वाचलेला नियम आम्ही जसाच्या तसा उचलला: रोमी अक्षरे, रोमी आकडे आणि विस्तारापूर्वीचा बिंदू सोडून नावातले बाकी सर्व पुसून टाका. नियम करणाऱ्याच्या लेखी 'बाकी सर्व' म्हणजे कचरा. आमच्या वृक्षात 'बाकी सर्व' म्हणजे मराठी. वाड्यांच्या फोल्डरातील ६२ छायाचित्रांची नावे देवनागरीत होती, क्रमांकही देवनागरी आकड्यांत. पुसल्यावर प्रत्येकाचे नाव उरले ते केवळ विस्तार. 'एमव्ही' न विचारता जुन्या फाइलीवर नवी ठेवते. त्यामुळे ६२ छायाचित्रे एकावर एक पडत शेवटी एकच राहिले. त्याचेही नाव बिंदूने सुरू होत असल्याने ते अदृश्य फाइलींत गेले आणि फोल्डर रिकामा दिसू लागला.

ही गोष्ट २०२० च्या पावसाळ्यातली. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते आणि दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नवी पोफळ लावली तरी फळ धरायला काही वर्षे जातात, आणि जुन्या वाडीची घडण तर तशीच पुन्हा उभी राहत नाही. पुन्हा जाऊन छायाचित्रे काढण्याजोगे काही उरलेच नव्हते. विद्यार्थ्यांच्या जुन्या मोबाइलमधून २३ परत मिळाली. बाकीची गेली.

त्या दिवसांत मला मराठीतली तीन नामांतरे आठवत राहिली. पहिले एकनाथांचे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. मात्र कोणते पाठ त्यांनी नाकारले, याची यादी त्या प्रतीत नाही. म्हणूनच १९०९ मध्ये राजवाड्यांनी वेगळ्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा एकनाथपूर्व पाठाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. दुसरे शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चे. फारसी-दख्खनी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा दहा वर्गांचा कोश मुळात एक सरसकट नामांतरच. पण तो रचला गेला जोड्यांनी: जुना शब्द आणि त्याचा नवा पर्याय शेजारी शेजारी. जो शब्द हटवायचा होता तोच कोशाने टिकवला, आणि आज त्या काळच्या कारभारातली संज्ञा शोधणारा याच कोशाकडे वळतो. तिसरे भांडारकर संस्थेच्या महाभारताचे. १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली ही चिकित्सक आवृत्ती वरती एक पाठ स्वीकारते आणि नाकारलेले पाठभेद तळाशी देते. संपादकाचा निर्णय चुकला असे वाटले तर वाचकाला परत जाण्याची वाट खुली राहते.

आमच्या स्क्रिप्टने यांपैकी काहीच केले नव्हते. एकनाथांचा अधिकार नव्हता, कोशकाराची जोडी नव्हती, आणि तळटीपही नव्हती. शुद्धीचा आवेश तेवढा होता.

आता आमची रीत बदलली आहे. मूळ वृक्षाची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही. स्क्रिप्टने प्रथम नाव बदलायचे नाही, काय बदलणार ते फक्त छापून दाखवायचे. ती यादी दोघांनी वाचायची. असलेल्या फाइलीवर दुसरी न ठेवण्याची सक्ती 'एमव्ही'वर करायची. आणि प्रत्येक बदलाची ओळ एका साध्या फाइलीत लिहायची: जुने नाव, नवे नाव, तारीख. विभागात तिला आम्ही 'कोश' म्हणतो.

दिवेआगरलाच १९९७ मध्ये पोफळीच्या वाडीत सुवर्णगणेश सापडला. मार्च २०१२ मध्ये दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो चोरीला गेला. सोने पुढे हाती लागले, पण वितळवलेले. नवा मुखवटा २०२१ मध्ये बसवला गेला. जुनी घडण मात्र त्या सोन्यातून पुन्हा मिळणारी नव्हती. आमच्या गेलेल्या छायाचित्रांचे दुःख त्यापुढे अगदी लहान आहे. तरी विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना मी आता ताम्रपटाच्या आधी तो रिकामा दिसणारा फोल्डर उघडून दाखवते.