दोन पेन्सांची लढाई आणि आपलं सोलापूर

रुपया घसरल्याची बातमी आली की सोलापुरात दोन तऱ्हेचे चेहरे दिसतात. परदेशी टॉवेल पाठवणारा कारखानदार मनातल्या मनात हिशेब करतो, डॉलरमागे जादा किती सुटतील. त्याच्याच लूमवर उभा असलेला कामगार मात्र तेलाचा डबा महागला म्हणून वैतागतो. रुपया स्वस्त बरा की महाग बरा, हा वाद काही आजचा नाही मित्रांनो. शंभर वर्षांपूर्वी यावरून देशभर रान उठलं होतं, आणि तेही फक्त दोन पेन्सांसाठी.

पहिल्या महायुद्धाआधी बरीच वर्षं एका रुपयाचा भाव 1 शिलिंग 4 पेन्स होता. म्हणजे एका पौंडाला बरोबर 15 रुपये. युद्धानंतर सगळाच घोळ झाला. 1925 मध्ये सरकारने हिल्टन यंग आयोग नेमला. 1926 च्या अहवालात आयोगाने सांगितलं, रुपया 1 शिलिंग 6 पेन्स ठेवा. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास या एका सदस्याने विरोधी मत नोंदवलं, जुनाच 4 पेन्सांचा भाव हवा म्हणून. तरी 1927 मध्ये कायदा झाला आणि 6 पेन्सवर शिक्का बसला.

आता दोन पेन्सांनी काय फरक पडतो? हिशेब करून बघा. पौंड 15 रुपयांवरून 13 रुपये 5 आणे 4 पैवर आला. मँचेस्टरचं कापड इथे उतरताना तेवढं स्वस्त पडणार आणि आपला कापूस परदेशात विकून हातात येणारे रुपये तेवढेच कमी. शेकडा 11 चा फटका. सोलापूरसारख्या गिरणगावाला हा विषय पुस्तकी नव्हता. सरकारला मात्र फायदा होता, कारण लंडनला पाठवायचा खर्च पौंडात होता आणि त्यासाठी आता कमी रुपये लागणार होते. सरकारचा युक्तिवाद असा की बाजारात रुपया आधीच तिथे पोचलाय, भाव आणि मजुरी त्याला जुळलेत, आता कशाला हलवायचं?

म्हणूनच जानेवारी 1930 मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे 11 मागण्या ठेवल्या, तेव्हा पहिली दारूबंदीची होती आणि दुसरी होती रुपया 1 शिलिंग 4 पेन्सवर आणण्याची. मिठाचा कर त्यानंतर येतो! शाळेच्या पुस्तकात मीठ राहिलं, रुपया गळाला.

पण याच वादात एक वेगळा आवाज होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 मध्ये लंडनला छापला गेला होता आणि हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली होती. त्यांचा मुद्दा साधा पण जिव्हारी लागणारा होता. रुपया स्वस्त झाला की बाजारातले भाव आधी चढतात, मजुरी मागून रडतखडत चढते. मधल्या काळात निर्यातदाराला जो नफा होतो, तो परदेशातून येत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो. देशाचा फायदा म्हणजे नक्की कुणाचा, हे त्यांनी विचारलं.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच खरी अडचण.

मग 1929 नंतर जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचं व्याज मात्र रुपयात ठरलेलं, ते एक पैने हललं नाही. गांधीजींच्या अटकेनंतर मे 1930 मध्ये सोलापूर उठलं, 12 मे ला मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. ते रुपयाच्या भावासाठी लढले असं मी म्हणणार नाही, ते स्वराज्यासाठी लढले. पण आपल्या नाण्याची किंमत आपण ठरवायची, हाही स्वराज्याचाच भाग होता.

पुढची गंमत बघा. सप्टेंबर 1931 मध्ये खुद्द इंग्लंडने सोन्याची साथ सोडली आणि पौंड घसरू दिला. स्वतःला जी मोकळीक घेतली, ती आपल्याला दिली नाही. रुपया पौंडाला 18 पेन्सवरच बांधून ठेवला. अडलेल्या घरांतलं सोनं विकलं गेलं आणि बोटी भरभरून देशाबाहेर गेलं. 1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, पण तोच भाव सांभाळायची अट कायद्यातच घातलेली. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचं विनिमय दरावरून सरकारशी वाजलं आणि त्यांना मुदतीआधी जावं लागलं. पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख, तेही 1943 मध्ये.

आज रिझर्व्ह बँक आपली आहे. तरी अमेरिकेच्या फेडने 2022-23 मध्ये व्याजदर शून्याजवळून सव्वापाचच्या वर नेले, तेव्हा आपला रेपो दरही 4 वरून साडेसहावर गेला. एमआयडीसीतल्या लूमच्या कर्जाचा हप्ता त्यामागून वाढला. दोर लांबचा आहे, पण आहे.

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी रुपया पडला म्हणून गळा काढेल किंवा निर्यातीला बरं म्हणून टाळ्या वाजवेल, तेव्हा बाबासाहेबांचाच प्रश्न विचारा. डॉलरमागे जे जादा सुटले, त्यातले लूमवरच्या माणसाच्या पगारात किती आले?

ज्यांच्या घरात कुणी जुनी मिल, विष्णू किंवा लक्ष्मी मिलमध्ये होतं, त्यांनी मंदीच्या काळातल्या ऐकलेल्या गोष्टी खाली जरूर लिहा. कागदावर फारसं उरलेलं नाही, आठवणीत असेल.