गव्हाणीत पडल्यावर ऊस कुणाचा?

तेलगावच्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याचा हंगाम, राज्यातल्या इतर कारखान्यांसारखाच, गव्हाणीत मोळी टाकून सुरू होतो. नारळ, पूजा, फोटो. त्यानंतर गव्हाणीत पडणारा माल मात्र एकसारखा कधीच नसतो. एका ट्रॅक्टरमध्ये दीड वर्षाचा आडसाली, मागच्यात खोडवा, त्याच्या मागच्या बैलगाडीत दोन दिवस उन्हात पडून सुकलेला ऊस. काट्यावर प्रत्येकाचं वजन होतं. गोडी कळते ती सगळ्यांचा रस एक झाल्यावर.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. वालचंदनगर किंवा हरिगावची बेलापूर कंपनी, या जुन्या खासगी कारखान्यांकडे स्वतःच्या ताब्यातली हजारो एकर जमीन होती. कुठल्या तुकड्यात लागण कधी झाली, पाणी किती दिलं, सगळं एकाच मालकाच्या वहीत. १९५०-५१ला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या प्रयत्नातून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. पुढे १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांची शेतीही गेली. मालकी वाटली गेली ते चांगलंच झालं. पण आता ऊस हजारो वेगळ्या बांधांवरून येणार होता.

यावर कारखान्यांनी शोधलेली युक्ती साधी आहे: आधी क्रम लावा, मग सरासरी काढा. लागणीच्या तारखेची नोंद घ्यायची, त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरवायचा, शेतात ब्रिक्स तपासायचा. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक फुटत जाते, म्हणून गाड्या अशा बोलवायच्या की यार्डात ऊस शिळा होणार नाही आणि गव्हाणही रिकामी राहणार नाही. तरीही रस कमी-जास्त येतोच. मग प्रयोगशाळेत नमुने तपासून चुन्याचं आणि गंधकाच्या धुराचं प्रमाण बदलत राहायचं.

खरी गोम पैशात आहे. २०२५-२६ साठी केंद्राने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जास्त. हा उतारा तुमच्या उसाचा नसतो, अख्ख्या कारखान्याचा असतो. क्वीन्सलँडमध्ये शेतकऱ्याच्या मालाची गोडी तपासून पैसे देतात. आपल्याकडे दोन एकरवाल्याच्या चार खेपांची वेगळी तपासणी कोण करणार, हा प्रश्न खोटा नाही. पण परिणाम व्हायचा तो झालाच. पाडेगाव संशोधन केंद्राची फुले २६५ ही जात वजनाला भारी, म्हणून शेतकऱ्यांना आवडली. उतारा कमी, म्हणून अनेक कारखान्यांनी नाक मुरडलं. त्यांना ८६०३२ हवी. ज्याला वजनाचेच पैसे मिळतात त्याने २६५ लावली, तर त्याचं काय चुकलं?

या हिशेबात बीड जिल्ह्याचा माणूस आणखी एका टोकाला उभा आहे. इथला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातो. पिकलेल्या उसाची सगळ्यात जास्त साखर बुडख्यात असते. तो जमिनीसरशी तोडायचा तर प्रत्येक उसाला कंबरेत पूर्ण वाकावं लागतं. वाढं नीट छाटलं, पाचट काढलं, तर उतारा सुधारतो. कोयत्याला पैसे टनावर मिळतात. उतारा त्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीत येत नाही.