आम्ल, मका आणि बर्फ : पेरूच्या सेविचेची जडणघडण

कच्च्या माशाचे तुकडे लिंबाचा रस, मीठ, मिरची आणि कांदा यांत मुरवून केलेला सेविचे हा पेरू देशाच्या किनारपट्टीवरील पदार्थ ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांच्या आहारात सहज बसतो. ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिने होत. सीलिअ‍ॅक या विकारात त्यांच्यामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचते. सेविचेत पिठाला स्थान नाही, याचे कारण मात्र आधुनिक पथ्यविचारात नसून पेरूच्या शेतीच्या आणि वसाहतीच्या इतिहासात आहे.

दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे पेरूचा समुद्र जगातील अत्यंत मत्स्यसमृद्ध समुद्रांपैकी एक ठरला. उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात नांदलेल्या मोचे संस्कृतीचे लोक टुम्बो या आंबट फळाच्या रसात मासे मुरवत असत, असे पेरूत वारंवार सांगितले जाते. मात्र आजच्या सेविचेतील लिंबू आणि कांदा हे दोन्ही घटक स्पॅनिश सत्तेबरोबरच आले, कारण लिंबूवर्गीय फळांचे मूळ आशियात असून ती अरबांच्या मार्फत स्पेनमध्ये आणि 1493 मधील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीपासून अमेरिकेत पोहोचली. पेरूच्या उत्तरेकडील पिउरा भागात पिकणारे आणि सेविचेसाठी पसंत केले जाणारे लहान, पातळ सालीचे लिंबू महाराष्ट्रातील कागदी लिंबाच्याच जातीचे आहे.

गव्हाची वाट वेगळी होती. स्पॅनिश लोकांनी गहूही आणला आणि तो किनाऱ्यालगतच्या खोऱ्यांत पिकू लागला. परंतु 1687 च्या भूकंपानंतर तेथील गव्हाचे पीक कोसळले आणि लिमा शहर चिलीहून येणाऱ्या गव्हावर अवलंबून राहिले. स्पेनमधून आलेल्या एस्काबेचे या पदार्थात मासा बहुधा पिठात घोळवून, तळून मग व्हिनेगरमध्ये मुरवला जातो. सेविचेत तळणीच नसल्याने पिठाचेही काम उरले नाही, आणि त्याच्या सोबतीला पावाऐवजी उकडलेले रताळे, मक्याचे कणीस आणि भाजलेल्या मक्याचे दाणे, म्हणजे कांचा, ही अमेरिकेतील जुनी पिके रूढ झाली. रताळे आणि मका ही पिके पुढे सागरी व्यापारातून भारतात पोहोचली, आणि आंबटपणा आशियातून अमेरिकेत गेला. महाराष्ट्रात उपवासाला चालणारे रताळे आणि रोजच्या जेवणातील कागदी लिंबू पेरूत एका ताटात येतात, ते या दुहेरी प्रवासामुळे.

एकोणिसाव्या शतकातील लिमाचे इतिवृत्तकार मानुएल आतानासिओ फुएन्तेस यांनी 1860 च्या दशकात केलेल्या वर्णनानुसार माशाचे बारीक तुकडे किंवा कोळंबी आंबट संत्र्याच्या रसात, भरपूर मिरची आणि मीठ घालून काही तास ठेवली जात. आम्लामुळे प्रथिनांची घडी उलगडते, मांस अपारदर्शक व घट्ट होते आणि ते शिजल्यासारखे भासते. 1899 मध्ये ‘साकुरा मारू’ जहाजातून 790 जपानी स्थलांतरित कायाओ बंदरात उतरले, आणि त्यांच्या वंशजांनी चालवलेल्या खाणावळींतून ताजा कच्चा मासा बारीक कापून लगेच वाढण्याची दृष्टी पेरूच्या स्वयंपाकात रुजली. बर्फ आणि शीतकपाटे उपलब्ध झाल्यावर घोळीच्या कुळातील कोर्विना किंवा लेपीसारखा चपटा लेंग्वादो तासन्‌तास नव्हे, काही मिनिटेच रसात ठेवला जाऊ लागला. जपानी प्रभावातून सेविचेत शिरलेला सोया सॉस मात्र बहुधा गव्हासह आंबवलेला असतो. म्हणून पथ्याच्या दृष्टीने जुन्या सेविचेपेक्षा त्याची ही नवी रूपे अधिक तपासून घ्यावी लागतात.

वेळ कमी झाला तसा सुरक्षिततेचा भार आम्लावरून थंडाव्यावर सरकला. आम्लाने मासा शिजल्यासारखा दिसला तरी त्यातील सर्व जंतू आणि अनिसाकिस नावाचे परजीवी कृमी मरत नाहीत. 1991 मध्ये पेरूत कॉलऱ्याची साथ पसरून तीन लाखांहून अधिक रुग्ण आढळले, तेव्हा कच्च्या माशाची मागणी घसरली आणि राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी मच्छीमारांचा व्यवसाय सावरण्यासाठी जाहीरपणे कच्चा मासा खाल्ला. त्या प्रदर्शनाने धीर दिला असेल, पण जंतुशास्त्र बदलले नाही. घरी सेविचे करताना मासा उणे 20 अंश सेल्सिअस तापमानात सात दिवस गोठवल्यास परजीवी मरतात, पण जीवाणू टिकू शकतात, म्हणून विश्वासार्ह ठिकाणचा ताजा मासा, बर्फाची अखंड साखळी आणि स्वच्छ फळी-सुरी यांना पर्याय नाही. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी हा पदार्थ टाळावा.

पेरूने 2004 मध्ये सेविचेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवले, 2008 पासून 28 जून हा त्याचा दिवस मानला जातो आणि 2023 मध्ये युनेस्कोने त्याच्याशी निगडित परंपरांची अमूर्त वारशाच्या सूचीत नोंद केली. या मान्यतेच्या मुळाशी असलेला पदार्थ शतकानुशतके मुरवण्याची पद्धत बदलत आला आहे, सोबतीचा मका आणि रताळे मात्र कायम राहिले. त्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्या कुटुंबाला या पाककृतीत पर्यायी घटक शोधावे लागत नाहीत, केवळ नंतर शिरलेले घटक बाजूला ठेवावे लागतात.